तीन लहान राष्ट्रें आणि एक पलटण

बाल्टिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर एस्टोनिया, लॅट्व्हिया व लिथुआनिया हीं तीन लहान राष्ट्रें वसलेलीं आहेत. १९४० मध्यें सोव्हिएट रशियानें तीं गिळंकृत केलीं. १९९१ मध्यें तीं पुन्हा स्वतंत्र झालीं. परंतु स्वातंत्र्य मिळणें निराळें आणि तें सांभाळण्याची विद्या अंगीं असणें निराळें. रशियन फौजा लिथुआनियांतून १९९३ च्या व उरलेल्या दोन देशांतून १९९४ च्या ऑगस्टांत निघून गेल्या, तेव्हां या राष्ट्रांचीं स्वतःचीं सैन्यें केवळ बाल्यावस्थेंत होतीं.

शेजाऱ्यांपुढें पेंच होता. संरक्षणाचें उघड अभिवचन द्यावें, तर रशियाचा रोष ओढवणार. स्वस्थ बसावें, तर हीं राष्ट्रें दुबळीं राहणार. यांतून मधला मार्ग निघाला तो शिक्षणाचा. आंतरराष्ट्रीय शांतिरक्षणाच्या कामाकरितां तिघांची मिळून एक पलटण उभारावी, असा करार १९९४ च्या सप्टेंबरांत कोपनहेगन येथें झाला. तिचें नांव 'बाल्टबॅट'. पुढारीपण डेन्मार्कनें पत्करलें. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड व ब्रिटन यांनीं हातभार लावला.

लॅट्व्हियांतील आदाझी येथें तळ पडला. पहिला धडा भाषेचा होता. एस्टोनियन भाषा फिनिशच्या कुळांतली. उरलेल्या दोन भाषा बहिणी खऱ्या, पण एकीचें बोलणें दुसरीला सहज कळत नाहीं. रशियन पुष्कळांस येत होती. परंतु कालपर्यंत जी परक्याच्या हुकमाची भाषा होती, ती नव्या पलटणींत कोणास रुचणार? म्हणून इंग्रजी घेतली. पुढें १९९८ पासून तिघांच्या तुकड्या पाळीपाळीनें बोस्नियांत डॅनिश पलटणीबरोबर प्रत्यक्ष कामावर राहिल्या.

या धर्तीवर इतर योजना निघाल्या व प्रत्येकीस एकेक राष्ट्र अग्रणी ठरलें. महायुद्धांत समुद्रांत पेरलेले सुरुंग काढणाऱ्या आरमारी पथकास जर्मनी, आकाशावरील टेहळणीच्या योजनेस नॉर्वे आणि टार्टू येथें १९९९ मध्यें निघालेल्या संरक्षण-महाविद्यालयास स्वीडन. जबाबदारी एकाकडे असल्यानें विचारावयाचें कोणास, हा प्रश्न उरत नसे.

तरी सारें सुरळीत चाललें असें नाहीं. दाते अनेक झाले म्हणजे देणग्यांचा मेळ बसत नाहीं. त्यासाठीं १९९७ मध्यें साहाय्यक राष्ट्रांस एक समन्वयमंडळ स्थापावें लागलें. शिवाय निवडक अधिकारी पलटणींत गुंतल्यानें घरचें सैन्य उपाशी राहतें, हा आक्षेपहि खोटा नव्हता.

२००३ मध्यें पलटण विसर्जित झाली. हें अपयश नव्हे. तिच्यांत तयार झालेले लोक आपापल्या सैन्यांत परतले, आणि २००४ च्या मार्चांत तिन्ही राष्ट्रें नाटो संघटनेचीं सभासद झालीं. टार्टूच्या महाविद्यालयाचे पहिले प्रमुख मायकेल क्लेमेसेन हे डॅनिश होते. त्यांच्यानंतर तें पद बाल्टिक अधिकाऱ्यांकडे आलें. परराष्ट्रांतील शिक्षणकार्याचें पुढारीपण कसें करावें, याचा हा धडा आहे. पुढाऱ्यानें पहिल्या दिवशीं वर्ग उघडावा, आणि किल्ली कोणाच्या हातीं कधीं द्यावयाची, हेंहि त्याच दिवशीं मनाशीं ठरवून ठेवावें.