पत्त्याचा हिशेब (भाग ९) : नांदेडची गाडी की लातूरची?

जूनच्या मध्यावर अहमदपूरच्या एसटी स्टँडवर तासभर बसून बघा. नांदेड आणि लातूर यांच्या साधारण निम्म्या वाटेवरचं हे गाव. आसपासच्या खेड्यांतून आलेली दहावी पास लेकरं, गादीची वळकटी, पत्र्याची पेटी, पिशवीत ज्वारीचं पीठ, आणि सोबत आई-बाप. इथून गाडी बदलायची. एक गाडी लोह्याकडून नांदेडला जाते, दुसरी चाकूरकडून लातूरला. ओळखीचं कुणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कुठं टाकायलाव लेकराला?" त्या उत्तरावर पुढच्या दोन वर्षांचं घरखर्चाचं गणित उभं राहतं. अनेकदा त्याच्याही पुढचं.

गेल्या दोन भागांत आपण अमेरिकेतल्या मराठी घरांचे हिशेब मांडले. टेक्सासमध्ये राज्याचा प्राप्तिकर नाही म्हणून खूश झालेल्या माणसाला घरावरच्या वार्षिक कराचं बिल बघून घाम फुटतो. न्यू जर्सीत घरावरचा कर फार जड, पण सरकारी शाळा पत्त्यावरून ठरते, म्हणून चांगल्या शाळेच्या हद्दीतलं घर मिळावं यासाठी लोक तो भरतात. तिथं निदान हे सगळं कागदावर असतं, घर घेण्याआधी बघता येतं. आपल्याकडे प्राप्तिकर नांदेडला तोच, लातूरला तोच. महावितरणचा दरही तोच. मग शे-दीडशे किलोमीटरवरच्या दोन गावांत राहण्यानं फरक तो किती पडणार? पुष्कळ पडतो. फक्त तो ज्या खर्चांची पावती मिळत नाही, त्यांत पडतो.

तरी सुरुवात पावतीच्या खर्चानेच करू, कारण तिथं एक गंमत आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे एक्स, वाय आणि झेड असे तीन वर्ग आहेत. पाच लाखांवर लोकसंख्या असली की शहर वाय वर्गात जातं. २०११च्या जनगणनेत नांदेड-वाघाळा साडेपाच लाखांचं निघालं आणि लातूर ३ लाख ८३ हजारांच्या आसपास थांबलं. त्यामुळे १ एप्रिल २०१५ पासून नांदेड वाय झालं, लातूर झेडमध्येच राहिलं. जानेवारी २०२४ पासूनचे दर बघा : वायला मूळ पगाराच्या २० टक्के, झेडला १० टक्के. मूळ पगार ३५,४०० असलेल्या माणसाला नांदेडला ७,०८० रुपये मिळतात, लातूरला ३,५४०. म्हणजे वर्षाला ४२,४८० रुपयांचा फरक. केंद्राच्या नोकरीतल्या माझ्या एका मित्राची नांदेडहून लातूरला बदली झाली, तेव्हा त्याला ही वजाबाकी पहिल्या पगारपत्रकात दिसली आणि बेरीज घरमालकाच्या तोंडून ऐकू आली. लातूरच्या 'ट्यूशन एरिया'च्या जवळ त्याला नांदेडपेक्षा जास्त भाडं पडलं.

सरकारी मोजपट्टी डोकी मोजते. भाडं मात्र ठरतं खोलीसमोर किती जण चपला काढून उभे आहेत त्यावर. आणि लातुरात दर जूनला महाराष्ट्रभरातून शिकवण्यांसाठी आलेली लेकरं चपला काढून उभी असतात. पुढची जनगणना २०२७ची आहे. लातूर तेव्हा पाच लाखांची रेघ ओलांडतं का, याकडे तिथले केंद्रीय कर्मचारी डोळे लावून बसले असतील तर त्यांना हसू नये.

आता पाणी. या विषयावर जरा थांबायला हवं, कारण या दोन शहरांतला खरा फरक पाण्यातच आहे.

लातूर बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६३० मीटरवर वसलंय. नांदेड गोदावरीच्या खोऱ्यात, सुमारे ३६० मीटरवर. नांदेडच्या अगदी वरच्या अंगाला विष्णुपुरीचा जलाशय आहे. लातूरला पाणी येतं मांजरा धरणातून, आणि मांजरा ही काही गोदावरी नव्हे. २०१६च्या उन्हाळ्यात धरण कोरडं पडलं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिल २०१६ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातुरात आली : दहा वाघिणी, पाच लाख लिटर. देशभर बातमी झाली, फोटो छापून आले. त्या दिवशी कुणी भागाकार केला नसेल, तो आज करू. पावणेचार लाखांवर लोकवस्ती, पाच लाख लिटर पाणी. माणशी सव्वा लिटरच्या जरा वर. पुढं पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली, पंचवीस लाख लिटरची. तेव्हा माणशी साडेसहा लिटर, म्हणजे अर्धी बादलीसुद्धा नाही. ऑगस्टपर्यंत ही गाडी येत राहिली. तिच्या वाघिणी वाफेनं धुऊन काढल्या होत्या राजस्थानातल्या कोट्याच्या रेल्वे कारखान्यात. शिकवणीच्या एका राजधानीनं दुसरीला पाण्याचे डबे धुऊन पाठवले, असं म्हणायला हरकत नाही.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी मांजरा भरलं आणि बाकीचा महाराष्ट्र तो उन्हाळा विसरून गेला. लातूरकराला विसरता आला नाही, कारण तो उन्हाळा त्याच्या घराच्या पायात जाऊन बसला. शहराला माणशी रोज १३५ लिटर पाणी मिळावं, असं आपल्याकडचं सरकारी प्रमाण आहे. चार माणसांच्या घराला ५४० लिटर झालं. नळ रोज आला तर तेवढ्याच मापाची टाकी पुरते. तो आठव्या दिवशी आला तर ४,३२० लिटर साठवावं लागतं, म्हणजे दीड मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि दोन मीटर खोल हौद. तो खोदायचा, बांधायचा, वर उपसायला मोटार, मोटारीला वीज, गच्चीवर दुसरी टाकी. शिवाय बोअर, आणि बोअर आटली की टँकर. प्यायला वीस लिटरचा जार वेगळा. समजा उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत महिन्याला तीन टँकर घेतले आणि टँकरला हजार रुपये धरले, तर नऊ हजार झाले. पाणीपट्टी भरलेलीच असते. ती वेगळी.

हे पैसे घरखर्चाच्या वहीत 'पाणी' या नावाखाली एकत्र कधी येत नाहीत. हौद बांधकामात जातो, मोटार वीजबिलात, जार किराण्यात. आणि नळ येण्याच्या दिवशी कुणीतरी घरी थांबलेलं असतं, बहुतेक वेळा बाई. तिचा तो दिवस तर कुठंच लिहिला जात नाही. मला विचाराल तर लातूरचा सगळ्यात महागडा खर्च हाच.

नांदेडला सगळं आबादी आबाद आहे असं नाही. तिथंही नळ रोज येतोच असं नाही, आणि विष्णुपुरी तळाला गेलं की इसापूर धरणाच्या पाण्याकडे डोळे लागतात. पण नांदेडकर नदीच्या भरवशावर जगतो, आणि नदी भरवशाची किंमत वेगळ्या तऱ्हेनं वसूल करते. विष्णुपुरीचे दरवाजे उघडले की काठच्या सखल वस्त्यांत माणसं सामान उचलून ठेवतात. नदीजवळचं स्वस्त घर हे किती पावसाळ्यांच्या मानानं स्वस्त, ते बघून घ्यावं.

आणि ऊन! २७० मीटरच्या उंचीचा फरक, हजार मीटरला साडेसहा अंश या ठोकताळ्यानं बघितला तर पावणेदोन अंशांचा निघतो. मे महिन्यात दोन्ही गावं तापतात, पण लातूरकर रात्री गच्चीवर गार वारा लागल्याचं सांगतो तेव्हा नांदेडकराला ते खोटं वाटतं. नांदेडला कूलरशिवाय भागत नाही. लातूरला कूलर लावला तर त्याच्या पोटात घालायला पाणी हवं. दोन्हीकडे शेवटी पैसा खिडकीपाशीच जातो.

लातूर जिल्ह्यात घर म्हटलं की आणखी एक तारीख निघतेच. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंतींची घरं माणसांवर कोसळली. त्या भिंती उन्हाळ्यात घर थंड ठेवायच्या. नंतर वसवलेल्या गावांत रस्ते सरळ आणि रुंद झाले, घरं हलकी झाली, पण कैक ठिकाणी शेत लांब पडलं. रोज जाऊन-येऊन वाढलेली ती पायपीट कुठल्या रकान्यात लिहायची, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

इतकं सगळं असताना लोक लेकराला लातूरलाच का टाकतात? उत्तर सगळ्यांना माहीत आहे : 'लातूर पॅटर्न'. राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांनी नेमानं सराव परीक्षा घेण्याची, चुका पुन्हा पुन्हा तपासण्याची एक शिस्त बसवली, आणि तिचं पुढं शहरभर शिकवण्यांचं पीक आलं. शाहू महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे हेच पुढं, १९९४ साली नांदेडला स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. म्हणजे विद्यापीठ नांदेडला, बारावीचं विभागीय मंडळ लातूरला. नांदेडचं लेकरू बारावीची गुणपत्रिका लातूर मंडळाची घेतं आणि लातूरची पदवी नांदेडच्या शिक्क्याची असते. आता नीटच्या शिकवण्या नांदेडलाही जोरात आहेत, आणि श्यामनगर-भाग्यनगरच्या बाजूला संध्याकाळी पाठीवर दप्तर नसलेला माणूसच वेगळा दिसतो.

अमेरिकेतल्या शाळेच्या हद्दीबद्दल वाचून आपण हळहळलो होतो. पण पत्त्यावरून शिक्षण ठरवणारा नियम आपल्याकडेही होता. वैद्यकीय प्रवेशाच्या ७०:३० सूत्रात राज्याच्या वाट्यातल्या सत्तर टक्के जागा त्या-त्या विभागातल्या विद्यार्थ्यांना आणि तीस टक्के बाकीच्यांना असत. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे ते तीन विभाग. मराठवाड्यात महाविद्यालयं कमी, गुण मिळवणारी पोरं ढीगभर. त्यामुळे तेवढ्याच गुणांवर पुण्याकडच्या मुलाला प्रवेश आणि लातूर-नांदेडच्या मुलाला नाही, ही तक्रार वर्षानुवर्षं चालली. सप्टेंबर २०२०मध्ये हे सूत्र रद्द झालं. ती घोषणा करणारे वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख लातूरचेच आमदार होते, हा योगायोग समजायचा की नाही हे वाचकांवर सोडतो. मात्र एवढं झालं की इथं बारावी करण्याचा तोटा संपला, फायदा तेवढा राहिला. खोल्यांची मागणी वाढायला आणखी काय हवं?

या शिक्षणाची खरी किंमत क्लासच्या फीमध्ये शोधू नका. फी एकदाच सांगितली जाते, हप्त्यानं भरता येते. खरी किंमत दोन चुलींची आहे. बरेच बाप लेकराला मेसच्या भरवशावर ठेवत नाहीत. मग आई खोली करून लातूरला राहते, बाप गावाकडं सोयाबीन आणि जनावरं सांभाळतो. भाडं, गॅस, किराणा, सगळं दोनदा. गावाकडं आई शेतात जे काम करायची, त्याला मजूर लावावा लागतो. तो खर्च लेकराच्या शिक्षणाचाच असतो, पण लिहिला जातो शेतीच्या नावावर. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून आई महिन्यातून एखादी चक्कर जास्त मारते. बापाला पूर्ण तिकीट, म्हणून तो फोनवर बोलतो.

याच गणिताची दुसरी बाजू लातूरच्या घरमालकाची. खाली स्वतः राहायचं, वर दोन मजले खोल्या काढायच्या, हे तिथल्या किती निवृत्त मास्तरांचं आणि विधवा बायकांचं पेन्शन आहे! मुखेडच्या एखाद्या बापाला जे शहर महाग पडतं, तेच शहर कुणाला म्हातारपणी पोसतं. डबे करणाऱ्या बायका, झेरॉक्सवाले, जारवाले, सगळे त्याच पोरांवर जगतात. मात्र कोविडच्या वर्षात पोरं गावी गेली आणि या सगळ्यांचं उत्पन्न एका झटक्यात बंद पडलं. पाण्यासारखंच झालं ते, साठा नसेल तर दुसऱ्याच दिवशी कळतं.

नांदेडची कमाई इतकी एकाच नळावर अवलंबून नाही. सचखंड गुरुद्वारामुळं पंजाबपासून यात्रेकरू येतात, २००३ पासून रेल्वेचं विभागीय कार्यालय आहे, आणि डॉक्टर लेनमध्ये हिंगोली, उमरखेडपासून थेट तेलंगणातल्या सीमेवरच्या गावांतून पेशंट येतात. दुखणं घरात असेल तर नांदेडचा पत्ता स्वस्त पडतो. पोरगं पुण्यात नोकरीला असेल तर लातूर जवळ. आणि दोन्ही गावांत सोयरिक असेल तर मात्र कपाळाला हात लावायचा, कारण या दोन शहरांमध्ये सरळ रेल्वेमार्ग अजून नाही. परभणी-परळीचा वळसा घालायचा नाहीतर अहमदपूरवरून रस्त्यानं जायचं.

परवा अहमदपूरच्या त्याच स्टँडवर एक माउली फोनवर लातूरच्या घरमालकिणीशी बोलत होती. भाडं किती, हे तिनं विचारलं नाही. डिपॉझिटही नाही. "काकू, हौद किती लिटरचा हाय?" एवढंच विचारलं, उत्तर ऐकलं, आणि नवऱ्याला म्हणाली, "उचला पेटी. लातूरची गाडी लागलीय."

(पुढील भागात : पुण्यात नोकरी आणि गावाकडं घर, दिवाळीच्या तिकिटाचा हिशेब)