कारण नसलेली भीती : जपानी भयकॉमिक्स आणि आपली मुलं



मागच्या सत्रात माझ्या पाचवीच्या वर्गातल्या एका मुलाच्या गणिताच्या वहीचं शेवटचं पान मला दिसलं. पानभर चकलीसारखे वळसे आणि त्या वळशांत माणसांचे चेहरे. मी सगळ्यांसमोर रागावले, पान फाडायला लावलं. विषय संपला असं वाटलं. आठवड्याने त्याची आई भेटायला आली. "मॅडम, हा रात्री एकटा बाथरूमला जात नाही. विचारलं तर म्हणतो, सांगितलं की ओरडतात." हे ओरडणारं कोण, ते मला लगेच कळलं.

चौकशी केल्यावर समजलं, की मोठ्या चुलतभावाच्या मोबाईलवर त्याने एक जपानी चित्रकथा पाहिली होती. मग मीही ती वाचली. जे समजलं ते आपल्यासमोर मांडते आहे.

मंगा आणि जुंजी इतो

जपानी कॉमिक्सला मंगा म्हणतात. ते उजवीकडून डावीकडे वाचतात आणि बहुधा काळ्या-पांढऱ्या रंगात असतात. मंगा फक्त मुलांसाठी नसतो. लहान मुलं, किशोरवयीन, मोठी माणसं अशा प्रत्येक वयासाठी वेगळी मासिकं-साप्ताहिकं निघतात. आपली गफलत इथेच होते. कॉमिक दिसलं की ते मुलांचंच, असं आपण धरून चालतो.

भयकथांच्या मंगामधलं आजचं मोठं नाव म्हणजे जुंजी इतो. जन्म 1963, गिफू प्रांतातला. लहानपणी मोठ्या बहिणींच्या मासिकांतून त्यांनी काझुओ उमेझू यांच्या भयकथा वाचल्या आणि तेव्हापासूनच चित्रं काढायला सुरुवात केली. पुढे ते दातांच्या कवळ्या वगैरे बनवणारे तंत्रज्ञ झाले. 1987 साली, ती नोकरी सांभाळत असतानाच, 'तोमिए' ही त्यांची पहिली कथा छापून आली. पुन्हा पुन्हा मरूनही परत येणाऱ्या मुलीची ही गोष्ट आहे. शाळेत असताना त्यांचा एक वर्गमित्र वारला. कालपर्यंत वर्गात असलेला मुलगा अचानक नाहीसा झाला, ही विचित्र जाणीव या कथेमागे होती, असं त्यांनी सांगितलं आहे.

भीती नेमकी कशाची?

'उझुमाकी' म्हणजे वळसा. ही मालिका 1998-99 मध्ये मोठ्या वाचकांच्या साप्ताहिकात आली. एका छोट्या गावाला वळशाच्या आकाराचं वेड लागतं. एक गृहस्थ गल्लीत बसून गोगलगायीच्या शंखाकडे टक लावून बघतो, इथून सुरुवात. मग धूर, केस, माणसांची शरीरं, सगळंच वळायला लागतं. दुसऱ्या एका कथेत भूकंपानंतर डोंगराच्या कड्यावर माणसाच्या आकाराची भोकं उघडी पडतात. लोक ती टीव्हीवर बघतात आणि "हे माझंच भोक आहे" म्हणत तिथे पोहोचतात.

हे का घडतं? लेखक पूर्ण उत्तर देतच नाही. आपल्याकडच्या भुताच्या गोष्टींत बहुतेक वेळा कारण असतं. कुणाची इच्छा राहिलेली असते, कुणी शाप दिलेला असतो. कारण असलं की उपायही असतो, आणि ऐकणारं मूल सुटकेचा श्वास टाकतं. इथे कारण नाही, म्हणून उपायही नाही. शिवाय भीतीची वस्तू रोजचीच असते. पुस्तक मिटलं तरी शंख, बोटांचे ठसे, बेसिनमध्ये फिरणारं पाणी आजूबाजूला असतंच.

चित्रांचीही एक युक्ती आहे. सुरुवातीची चित्रं साधी, रोजच्या जगण्यातली. सगळ्यात भयानक चित्र बरेचदा पान उलटल्यावर समोर येतं, बारीक रेघांनी भरलेलं. म्हणजे पान आपणच उलटतो आणि दचकतोही आपणच!

मग आपण काय करायचं?

1. आधी विचारा, "काय बघितलंस? कुठलं चित्र सारखं आठवतं?" रागावलं की मूल बघायचं थांबत नाही, फक्त सांगायचं थांबतं.

2. "असं काही नसतं, झोप" एवढ्याने भागत नाही. ते चित्र कसं रचलंय ते दाखवा. मी त्याला चार चौकटी आखून दिल्या आणि म्हटलं, "आता तू मला दचकव." तीन चौकटींत साधं घर, चौथीत दारातून डोकावणारी प्रचंड मोठी गोगलगाय! काढून झाल्यावर तोच हसला.

3. वयाची मर्यादा ठामपणे सांगा. या कथा प्राथमिकच्या मुलांसाठी नाहीत. काही चित्रं फार बीभत्स आहेत. पण "वाईट आहे" न म्हणता "अजून तुझ्यासाठी नाही" असं म्हणा.

4. मोबाईल मोठ्या भावंडांच्या हातात असेल तर त्यांनाही विश्वासात घ्या.

तो मुलगा अजून रात्री दिवा लावूनच झोपतो, असं आई सांगते. पण आता स्वप्न पडलं की सकाळी येऊन मला सांगतो. वहीचं ते फाडलेलं पान मात्र मला परत देता येणार नाही.

आपल्या वर्गात किंवा घरी असा अनुभव आला असेल तर जरूर कळवा.