जुन्या बोटीचे इंजिन आणि भोसरीचे लेथ

शिडाच्या बोटीला वारा पुरतो, ही समजूत किनाऱ्यावर बसलेल्यांची. वारा पडला किंवा अरुंद खाडीतून बंदरात शिरायचे असले की खाली बसवलेले छोटे डिझेल इंजिनच बोट हाकते. ते तीस-चाळीस वर्षांचे असेल तर एक दिवस दुकानदार सांगतो, ‘हा पार्ट आता येत नाही.’ अशा मालकाने समुद्राकडे पाठ करून पुण्याजवळच्या पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या कारखान्यांच्या पट्ट्याकडे पाहायला हरकत नाही. मात्र या पट्ट्याबद्दल आणि एकूणच सुट्या भागांबद्दल काही समजुती पक्क्या होऊन बसल्या आहेत. त्या आधी तपासलेल्या बऱ्या.

पहिली समजूत अशी की कंपनी बंद पडली म्हणजे भागही संपले. याचे उत्तर चिंचवडमध्येच आहे. इंग्लंडमधल्या लिंकनच्या रस्टन अँड हॉर्न्सबीची भारतीय कंपनी इथे डिझेल इंजिने बनवायची. पुढे ती ग्रीव्हजमध्ये विलीन झाली. पाटी बदलली, तरी शेतातल्या पंपांवर, जनरेटरवर आणि मच्छिमार बोटींत रस्टनची इंजिने धडधडतच राहिली. त्यामुळे त्यांचे पिस्टन, लायनर आणि रिंगा बनवणाऱ्यांचा धंदाही चालू राहिला. कारखान्याला कुलूप लागल्याने भाग संपत नाही, गिऱ्हाईक संपल्यावर संपतो.

दुसरी समजूत जास्त महाग पडते: बोटीच्या इंजिनाचा प्रत्येक भाग खास बोटीसाठीच बनलेला असतो. प्रत्यक्षात यॉटमधली बरीच इंजिने मुळात जमिनीवरची आहेत. व्होल्वो पेंटाच्या एमडी २०१०, २०२०, २०३० या इंजिनांचा सांगाडा पर्किन्सचा आहे. बीटा मरीनचा कुबोटाचा. पर्किन्सचे ४-१०८ हे तर व्हॅनमध्येही धावले आणि बोटीतही. म्हणजे ब्लॉक, पिस्टन, व्हॉल्व्ह, हेड गॅस्केट हे सगळे मूळ इंजिनाच्या कॅटलॉगमध्ये सापडू शकते, आणि बोटीच्या छापाच्या डब्यातल्यापेक्षा बहुधा स्वस्तात. खरे वेगळे भाग मोजकेच: खाऱ्या पाण्याचा पंप, हीट एक्स्चेंजर, एक्झॉस्टचा पाणी मिसळणारा एल्बो आणि गिअरबॉक्स.

त्यातही पंप इंजिन कंपनीने स्वतः बनवलेला असतोच असे नाही. पंपाच्या अंगावर जॅब्स्को किंवा जॉन्सनची पाटी दिसली तर रबरी इम्पेलर त्या नंबराने शोधावा. पाटी खाऊन गेली असेल तर व्यास, रुंदी, शाफ्टची जाडी, पात्यांची संख्या आणि शाफ्टवर तो चावीने बसतो की पिनने, एवढी मापे पुरतात. बेअरिंगचे तर विचारूच नका. बाहेरच्या कड्यावर ६२०४ लिहिले असेल तर ते २० बाय ४७ बाय १४ मिलिमीटरचेच असणार, मग ते स्वीडनचे असो की चिंचवडच्या एसकेएफचे. ऑइल सील, ओ-रिंग आणि बेल्ट यांनाही हाच न्याय. इंजिन कंपनीच्या छापाच्या डब्यात ते घेणे म्हणजे निव्वळ डब्याचे पैसे मोजणे.

इंजेक्शन पंप पाहून लोक घाबरतात, पण त्याची पाटी सर्वांत बोलकी असते. जुन्या बॉश पंपावर ‘पीईएस ४ ए ८०’ असे काही असेल, तर ४ म्हणजे चार सिलिंडर, ए हा पंपाचा आकार आणि ८० म्हणजे प्लंजरचा व्यास ८ मिलिमीटर. आपल्याकडे १९५१ मध्ये सुरू झालेल्या मायको या बॉशच्या भारतीय कंपनीने हे पंप सगळीकडे नेले, आणि आजही जुने मेकॅनिक बॉशच्या पंपाला मायकोच म्हणतात.

चाकणला काहीही मिळते, हेही ऐकू येते. चाकणचे मोठे कारखाने गाडी कंपन्यांच्या लाइनसाठी हजारोंनी माल काढतात. एका नगासाठी तिथे गेटवरच वेळ जाईल. एकटा नग हातात घेऊन पाहणारा माणूस भोसरी एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये भेटतो.

आणि मग उलटे टोक: भोसरीत सँपल दिले की काहीही बनते. बुश, स्टड, फ्लँज, कपलिंग, पुली हे जरूर बनवून घ्या. इंजेक्शन पंपाचा प्लंजर आणि बॅरल मात्र नाही. त्यांच्यामधली फट काही मायक्रॉनची असते, आणि ती साध्या लेथवर साधत नाही. मेन बेअरिंगच्या शेलचेही तेच, त्यावर धातूंचे थर चढवलेले असतात.

धातूच्या बाबतीत तर लेथवाल्याच्या भरवशावर राहूच नये. त्याचा हात चांगला असतो, पण त्याचा रोजचा माल खाऱ्या पाण्यात जात नाही. पितळ म्हटले की तो हाताशी असलेली पितळेची सळई लावेल. समुद्राच्या पाण्यात पितळेतले जस्त निघून जाते, उरलेला तांबूस भुगा बोटाने सुटतो आणि बोटीत पाणी शिरते. ऑर्डर देताना ‘गनमेटल’ असे कागदावर लिहून द्या. स्टेनलेस हवे असेल तर ३०४ नको, ३१६ सांगा. जुन्या ब्रिटिश इंजिनाचा बोल्ट असेल तर आटेही तपासा: व्हिटवर्थ आट्यांचा कोन ५५ अंशांचा, मेट्रिकचा ६०. जोर लावला की एक दुसऱ्यात बसल्यासारखा वाटतो, आणि नेमका तेव्हाच ब्लॉकचा आटा जातो.

भंगारात सापडेल, ही आशाही थोडी आवरा. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने चिखली-कुदळवाडीतली हजारो शेड आणि गोदामे पाडली, त्यात भंगाराची कितीतरी दुकाने गेली. जुना पत्ता घेऊन तिकडे जाणाऱ्याला मोकळी जमीन दिसेल.

बोअर झिजला म्हणून इंजिन टाकून देणारेही आहेत. लायनर असेल तर तो बदलता येतो. नसेल तर बोअर वाढवून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन बसतो. क्रँक त्याच हिशेबाने ग्राइंड होतो आणि त्याला अंडरसाइज शेल लागतात. फक्त आधी पिस्टन हातात येऊ द्या, मगच बोअर करायला टाका. उलट क्रमाने गेलात तर मापाचा पिस्टन न मिळाल्यास ब्लॉकही वाया जाईल.

घरून निघण्याआधी ब्लॉकवर ठोकलेला नंबर आणि पंप, अल्टरनेटर, गिअरबॉक्स या प्रत्येकाच्या पाटीचा फोटो काढा. आणि जुना भाग तुटका असला तरी टाकू नका, माप त्याच्यावरूनच घ्यायचे आहे.