दोन नद्यांमधला परकोट

चंद्रपूरचा परकोट इरई आणि झरपट या नद्यांच्या बेचक्यात उभा आहे. इरई शहराच्या पश्चिमेने वाहते, झरपट पूर्वेने. दक्षिणेला, पठाणपुरा दरवाजाच्या पलीकडे, त्यांचा संगम होतो आणि पुढे इरई वर्धेला जाऊन मिळते. तीन बाजूंना पाणी आणि उत्तरेला तेवढी उघडी जमीन असल्यामुळे डोंगरी किल्ल्याला मिळते ते संरक्षण इथे सपाटीवरच मिळाले. मूलहून रेल्वेने येणारा प्रवासी आजही ‘चांदा फोर्ट’ नावाच्या स्थानकावर उतरतो. शहराचे जुने नाव आणि त्याचा किल्ला त्या पाटीवर अजून एकत्र नांदतात.

परकोटाचा पाया गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाने घातला, असे परंपरा सांगते. त्याची राजधानी तेव्हा वर्धेच्या काठी बल्लारपूरला होती. अंगावर गाठी आलेला हा राजा शिकारीला निघाला असता तहानेने व्याकुळ झाला. झरपटच्या कोरड्या पात्रातल्या एका खळग्यातले पाणी तो प्याला आणि व्याधी बरी झाली. त्या जागी अंचलेश्वराचे देऊळ उभे राहिले. पुढे त्याच परिसरात कपाळावर पांढरा चांद असलेला ससा राजाच्या कुत्र्यामागे धावताना दिसला. तो ज्या वाटेने धावला त्या वाटेवर तट बांधावा आणि जिथे वळला तिथे बुरूज उठवावेत, असा सल्ला राणी हिरातनीने दिला. या कथा चांदा जिल्ह्याचा जमीनबंदोबस्त करणाऱ्या मेजर ल्यूसी स्मिथ यांच्या 1869च्या अहवालात नोंदलेल्या आहेत. कथा म्हणूनच त्या वाचायच्या, पण जागेची निवड त्यात अचूक उतरली आहे. किल्ल्याआधी पाणी सापडते आणि तटाची रेघ सरळ न जाता जमिनीच्या चढउताराप्रमाणे वळत राहते.

काम एका राजाच्या हयातीत संपले नाही. हीरशहाच्या काळात दरवाजे आणि बालेकिल्ला झाला, तर तट पुरा होण्यास धुंड्या रामशहाचे राज्य यावे लागले. मधल्या पिढीतील बाबाजी बल्लाळशहाचा उल्लेख ‘ऐन-ए-अकबरी’त येतो. एक हजार घोडेस्वार आणि चाळीस हजार पायदळाचा धनी म्हणून अबुल फजलने त्याची नोंद केली आहे. एवढे मनुष्यबळ असलेल्या राज्यालाच असा तट पेलला असता.

तट वालुकाश्माच्या घडीव चिऱ्यांचा आहे. इंग्रजी गॅझेटियर त्याचा घेर साडेपाच मैल देतात. आज स्थानिक लोक आणि तट साफ करणारे कार्यकर्ते अकरा किलोमीटर म्हणतात. उंची पंधरा ते वीस फूट. ठराविक अंतरावर गोल बुरूज असून ते मोठ्या तोफा चढवता याव्यात इतके ऐसपैस आहेत. या घेरात शहर तर होतेच, शिवाय शेते आणि सुट्या वस्त्याही होत्या, असे गॅझेटियर लिहितात. वेढा लांबला तर आत पिकवून खाता यावे, एवढी जमीन तटाने पोटात घेतली होती. पाण्यासाठी रामाळा तलाव होता आणि त्याचे पाणी खापरी नळांनी वस्तीत खेळवले जात असे. कोहिनूर तलाव मात्र बुजला; तिथे आता मैदान आहे.

दरवाजे चार: उत्तरेला जटपुरा, पूर्वेला अंचलेश्वर, दक्षिणेला पठाणपुरा, पश्चिमेला बिनबा. कमानींच्या दोन्ही अंगांना गोंड राज्याचे चिन्ह कोरलेले आहे: हत्तीला नमवणारा सिंह. जटपुरा दरवाजापाशी रोज गाड्यांच्या गर्दीत अडकून पडणाऱ्या माणसाला ते शिल्प हात लांबवला तर लागेल इतके जवळ असते. सिंहाची आयाळ आणि हत्तीची सोंड झिजली आहे, तरी पंजाची पकड अजून ओळखू येते.

पण या परकोटाचे खरे वेगळेपण दरवाजांत नाही, त्याच्या पाच खिडक्यांत आहे. चोर, विठोबा, हनुमान, मसाण आणि बगड अशी त्यांची नावे. माणूस, गुरे, फार तर बैलगाडी जाईल एवढी ही लहान दारे. दरवाजे राजाचे, सैन्याचे, बाजाराचे, खिडक्या लोकांच्या. मसाण खिडकीतून प्रेत नदीकाठी नेत, हे तिच्या नावातच आहे. धुणे, अंघोळ, देव, अंत्यविधी यांसाठी गावाला नदीवर रोज जावे लागे. बंद तटातल्या गावाची ही रोजची ये-जा मोठे दरवाजे न उघडता सांभाळणे हे खिडक्यांचे काम होते. तट बांधणाऱ्यांनी शत्रूइतकाच शेजारच्या बाईच्या घागरीचाही विचार केला होता, हे या लहान कमानी पाहिल्यावर पटते.

या खिडक्यांना दुसरी बाजूही आहे. वर्धेला मोठा पूर आला की इरईचे पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगते. इरई फुगली की झरपटही तुंबते. अशा वेळी तट शहराचा बांध होतो आणि भिंतीत जितकी दारे तितक्या पाण्याच्या वाटा. जी कमान उन्हाळ्यात नदी जवळ आणते, तीच पावसाळ्यात पूर आत घेते.

1751मध्ये गोंडांचे राज्य संपून चांदा नागपूरकर भोसल्यांकडे आले. 1818च्या एप्रिलमध्ये पांढरकवड्याजवळ कर्नल ॲडम्सने दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेचा पराभव केला आणि ॲडम्सची फौज मे महिन्यात चांद्यावर आली. किल्लेदार गंगासिंग होता. इंग्रजांनी मोठ्या तोफा आग्नेय कोपऱ्यासमोर लावल्या, भगदाड पाडले आणि 20 मेला हल्ला करून किल्ला घेतला. महिना ध्यानात घेण्यासारखा आहे. ज्या नद्यांच्या भरवशावर तटाची आखणी झाली, त्या मे महिन्यात जेमतेम धारेवर येतात. तीन बाजूंचा खंदक वर्षातून काही महिनेच भरलेला असतो, ही या जागेची मूळची उणीव होती. भिंतीची जाडी तोफेपुढे कमी पडली, ही नंतरची गोष्ट.

नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर 1854मध्ये चांदा इंग्रजी जिल्हा झाला. बालेकिल्ल्यातला राजवाडा तुरुंग म्हणून वापरात आला आणि 21 ऑक्टोबर 1858 रोजी इंग्रजांविरुद्ध उठाव करणाऱ्या वीर बाबुराव शेडमाके यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. गोंड राजांच्या वास्तूच्या सावलीत एका गोंड वीराला झालेली ही फाशी जिल्ह्याच्या स्मरणात आजही ताजी आहे.

लष्करी उपयोग संपल्यावर तटाकडे कोणी पाहिले नाही. चिऱ्यांच्या सांध्यांत पडलेले पिंपळ-वडाचे बी भिंतीला लागलेला सर्वांत चिवट शत्रू ठरले. वरून रोप कापले तरी मूळ आत राहते, जाड होते आणि चिरा बाहेर ढकलते. बुरुजांवर काटेरी झुडपे आणि कचरा साचला. मार्च 2017पासून इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनी श्रमदानाने बुरूज मोकळे करायला घेतले. रोज सकाळी कुदळ, विळे, टोपल्या घेऊन हे काम महिनोन्महिने चालले. त्याच वर्षी पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याची दखल घेतली. पुढे पुरातत्त्व विभागाची दुरुस्तीही झाली आणि तटावरून फिरण्याची वाट तयार झाली. एवढ्या थोड्या हातांनी एवढी लांब भिंत उघडी केली, याचे मोल मोठे आहे.

तरी अडचणी भिंतीपाशी संपत नाहीत. संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढे आणखी दोनशे मीटर नियंत्रित क्षेत्र असते, असे 2010च्या दुरुस्तीनंतरचा कायदा सांगतो. किल्ला डोंगरावर असेल तर हा नियम सोपा. इथे परकोट भर वस्तीतून जातो, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या तटालगत राहणाऱ्या कुटुंबाला गळके छप्पर बदलायलाही परवानगी लागते. घर आणि भिंत दोन्ही जपणारी सोपी प्रक्रिया मिळाली नाही, तर लोकांना किल्ला नकोसा होईल. जटपुऱ्याची वाहतूक हा वेगळा पेच आहे. सोळाव्या शतकाच्या मापाची कमान एकविसाव्या शतकाच्या वाहनांना पुरणार नाही. पर्यायी रस्ता शोधायचा तो कमानीला हात न लावता.

सर्वांत अवघड प्रश्न नद्यांचा आहे. औष्णिक वीज केंद्रासाठी वरच्या अंगाला इरईवर धरण झाले, काठाला कोळसा खाणींतल्या मातीचे ढीग उभे राहिले, पात्रात गाळ आणि झुडपे वाढली. झरपटमध्ये शहराचे सांडपाणी येते आणि जलपर्णी पसरते. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला शहरातल्या महाकालीच्या दर्शनासाठी मराठवाडा आणि तेलंगणातून येणारे भाविक याच पाण्यात स्नान करतात. जुलै 2022च्या पुरात रहमतनगर आणि बिनबा दरवाजाकडच्या वस्त्यांत पाणी शिरले, घरे सोडावी लागली. ही वस्ती तटाबाहेर, नदीच्या पूररेषेत वाढली आहे. परकोटाची डागडुजी पुरातत्त्व विभागाकडे, नदीचे पात्र पाटबंधारे आणि महसूल खात्याकडे, सांडपाणी महानगरपालिकेकडे, अशी कामे वाटली गेली आहेत. इरईच्या खोलीकरणाची मागणी अनेक वर्षे होत आहे आणि काम तुकड्यातुकड्यांनी झाले आहे. तटाचे चिरे सांधले जात असताना पात्र उथळच राहिले, तर पुढच्या मोठ्या पुरात पाणी पुन्हा बिनबा आणि पठाणपुरा दरवाजांपाशीच येऊन थांबेल.