हादऱ्यांनंतरचे ख्राइस्टचर्च

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील ख्राइस्टचर्च शहराला सप्टेंबर २०१० नंतरच्या दोन वर्षांत भूकंपाचे दहा हजारांहून अधिक धक्के बसले. बहुतेक धक्के फक्त यंत्रांनाच कळण्याइतके सौम्य होते, पण झोपेतून दचकून उठवणारेही पुष्कळ होते. पहिला मोठा धक्का ४ सप्टेंबर २०१० च्या पहाटेचा, ७.१ तीव्रतेचा. त्याचे केंद्र शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर होते आणि त्या वेळी रस्ते रिकामे होते, म्हणून भिंती कोसळूनही ढिगाऱ्याखाली कोणी दगावले नाही. मोठे संकट टळले असे शहर धरून चालले. साडेपाच महिन्यांनी, २२ फेब्रुवारी २०११ रोजी दुपारी १२ वाजून ५१ मिनिटांनी, दुसरा मोठा धक्का आला. त्याची तीव्रता ६.३, म्हणजे आधीपेक्षा कमी; पण केंद्र शहराला खेटून आणि जमिनीखाली जेमतेम पाच किलोमीटरवर. ऐन जेवणाच्या सुट्टीची वेळ होती. १८५ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील ११५ जण कँटरबरी टेलिव्हिजनच्या एकाच इमारतीत गेले. तिथे इंग्रजी शिकवणारी एक शाळा होती आणि जपान, चीन अशा दूरच्या देशांतून आलेले विद्यार्थी त्या वेळी आत होते.

पूर्वेकडच्या वस्त्यांमध्ये पायाखालची ओली वाळू चिखलासारखी उसळून वर आली. अंगणे, गल्ल्या, बैठकीच्या खोल्या राखाडी गाळाने भरून गेल्या. नदीकाठची जमीन पुन्हा घरे बांधण्याजोगी उरली नाही असे ठरले आणि सरकारने सुमारे आठ हजार घरे ‘रेड झोन’मध्ये टाकून विकत घेतली. शहराचा मध्यभाग लष्कराच्या पहाऱ्यात कुंपणाआड गेला, तो जून २०१३ मध्ये पूर्ण खुला झाला. रोजची बाजारपेठ, ओळखीचे कोपरे, लग्ने लागली ती चर्च, पहिली नोकरी मिळाली ती कचेरी, हे सगळे सव्वादोन वर्षे डोळ्यांआड राहिले. कुंपण निघाले तेव्हा आतल्या शेकडो इमारती जागेवर नव्हत्या. शहराच्या मनाला काय झाले असेल, याचा विचार इथून सुरू करावा लागतो. जिवलग गमावलेल्यांचे दुःख वेगळे, आणि घरदार शाबूत राहूनही स्वतःचे गाव हरवल्याचे दुःख वेगळे.

पंतप्रधानांचे विज्ञान सल्लागार पीटर ग्लकमन यांनी मे २०११ मध्येच भूकंपाच्या मानसिक-सामाजिक परिणामांवर एक टिपण सरकारला दिले. आपत्तीनंतर माणसे कशा टप्प्यांतून जातात ते त्यात सांगितले होते. आधी जो तो दुसऱ्याला वाचवायला धावतो. मग काही आठवडे शेजारीपाजारी अधिक जवळ येतात. सारे मिळून यातून बाहेर पडू असे वाटते. त्यानंतर भ्रमनिरास येतो. मदतीचा ओघ आटतो, कागदपत्रे वाढतात, थकवा आणि चीड साचत जाते. आयुष्याची घडी नव्याने बसवणे हा शेवटचा टप्पा, आणि त्याला वर्षे लागतात. बहुतेक माणसांना वेळ आणि आधार मिळाला तर ती स्वतःच सावरतात, थोड्यांनाच दीर्घ उपचारांची गरज पडते, हा या टिपणाचा गाभा होता. तेव्हा शहरासमोरचे काम दुपदरी होते: त्या थोड्यांपर्यंत वैद्यकीय मदत पोहोचवायची, आणि बाकीच्या लाखोंना सावरण्यासाठी जे लागते ते त्यांच्यापासून हिरावले जाऊ द्यायचे नाही.

सावरण्यासाठी काय लागते, याबद्दल जगभरच्या तज्ज्ञांचे बऱ्यापैकी एकमत आहे. स्टीव्हन हॉबफॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये पाच गोष्टी मांडल्या: सुरक्षित वाटणे, मन शांत होणे, आपण आणि आपला समाज काही करू शकतो हा विश्वास, एकमेकांशी जोडलेपण आणि आशा. पूर्वी आपत्तीनंतर लगेच माणसांना बसवून घडलेले सगळे तपशीलवार बोलायला लावण्याची पद्धत होती. ती उपयोगी पडत नाही, काहींना उलट त्रासदायकच ठरते, असे दिसून आल्यावर ती मागे पडली. तिची जागा मानसिक प्रथमोपचाराने घेतली. त्यात माणसाजवळ बसायचे, त्याला आत्ता काय हवे ते विचारायचे, पाणी, पांघरूण, घरच्यांचा ठावठिकाणा मिळवून द्यायचा. बोलायचे असेल तर ऐकायचे, नसेल तर बोलायला लावायचे नाही.

जोडलेपण आणि स्वतःच्या हातांवरचा विश्वास या दोन गोष्टींची शहराने पहिल्या दिवसापासून प्रचीती घेतली. कँटरबरी विद्यापीठातील विद्यार्थी सॅम जॉन्सन याने सप्टेंबरच्या धक्क्यानंतर फेसबुकवरून मित्रांना गाळ उपसायला बोलावले होते. फेब्रुवारीत त्याच हाकेला हजारो तरुण फावडी आणि हातगाड्या घेऊन आले. ‘स्टुडंट व्हॉलंटिअर आर्मी’ हे नाव तेव्हापासून देशभर पोहोचले. गल्लीत शिरलेली ही मुले गाळ काढता काढता एकट्या म्हाताऱ्या माणसांशी गप्पा मारत. गाळाइतकेच ते बोलणेही महत्त्वाचे होते.

डोंगरापलीकडच्या लिटलटन या बंदराच्या गावात तर तयारी आधीचीच होती. तिथे भूकंपापूर्वी काही वर्षे ‘टाइमबँक’ चालू होती. एकाने दुसऱ्यासाठी तासभर काम केले की त्याच्या खात्यात एक तास जमा होतो आणि तो तास त्याला कुणाच्याही मदतीच्या रूपाने परत घेता येतो. शिकवणी घेणारी, नळ दुरुस्त करणारा, केक भाजणारी, साऱ्यांचा तास सारख्याच मोलाचा. यामुळे कुणाला काय येते आणि कोण एकटे राहते याची यादी गावाकडे तयार होती. भूकंपानंतर बचाव यंत्रणेने या जाळ्याचा आधार घेतला. संकटात नवी ओळख काढण्यापेक्षा जुनी ओळख कामी येते, हे लिटलटनइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसले असेल.

शहराच्या रिकाम्या जागांवर जे घडले ते याहून अनोखे. पहिल्या भूकंपानंतर नोव्हेंबर २०१० मध्ये काही कलावंत आणि वास्तुरचनाकार एकत्र आले आणि पाडलेल्या इमारतीच्या मोकळ्या जागेवर त्यांनी संगीत, सिनेमा आणि गप्पांचा छोटा कार्यक्रम मांडला. त्यांच्या उपक्रमाचे नाव ‘गॅप फिलर’. फेब्रुवारीनंतर मोकळ्या जागांना तोटाच उरला नाही. मग एका जागेवर जुना फ्रीज उभा राहिला, आत पुस्तके. कुणीही घ्यावे, कुणीही ठेवावे. दुसरीकडे लाकडी फरशी घालून चार कोपऱ्यांत ध्वनिवर्धक लावले आणि धुलाई केंद्रातले नाणे टाकायचे कपडे धुण्याचे यंत्र ठेवले. दोन डॉलरचे नाणे टाकायचे, आपला फोन जोडायचा आणि अर्धा तास नाचायचे. शहरातली नृत्यगृहे कोसळली होती, म्हणून ही सोय. या ‘डान्स-ओ-मॅट’वर शाळकरी मुलांपासून निवृत्तांपर्यंत सगळे नाचले, नोव्हेंबर २०१२ च्या दौऱ्यात ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्सही तिथे पावले टाकून गेले. पाडलेल्या एका हॉटेलच्या जागी तीन हजारांहून अधिक निळी लाकडी पॅलेट रचून स्वयंसेवकांनी खुले सभागृह उभारले. ते तात्पुरते असूनही लोकांनी वर्गणी काढून आणखी वर्षभर टिकवले.

ढिगाऱ्यांच्या शहरात नाचगाणे कशाला, असा प्रश्न कुणालाही पडेल. उत्तर शहराच्या मध्यभागात आहे. जिथे मरण पाहिले तिथे परत जायची माणसांना भीती वाटत होती, आणि जायला तिथे काही उरलेही नव्हते. या छोट्या निमित्तांनी पावले तिकडे वळली. पडक्या जागेशी दुसरी, हलकी आठवण जोडली गेली. नगरपालिकेने या कामांना पैसे दिले. खासगी मालकांच्या पडीक जागा काही महिन्यांपुरत्या मिळवून देण्यासाठी २०१२ मध्ये ‘लाइफ इन व्हेकंट स्पेसेस’ हा न्यास निघाला. विम्याची आणि परवान्याची कटकट न्यासाने सांभाळायची, कलावंतांनी आणि रहिवाशांनी जागा सजवायची. प्रशासनाची मदत म्हणजे काय, याचा हा नमुना आहे: कार्यक्रम लोकांचा, अडथळे दूर करण्याचे काम नगरपालिकेचे.

नवे शहर कसे असावे हेही नगरपालिकेने लोकांना विचारले. मे २०११ मध्ये ‘शेअर अॅन आयडिया’ ही मोहीम सुरू झाली आणि सहा आठवड्यांत १,०६,००० सूचना आल्या. लोकांनी हिरवळ, नदीकाठ, ठेंगण्या इमारती, पायी हिंडता येईल असा मध्यभाग मागितला. त्यावर आधारलेला आराखडा नगरपालिकेने तयार केला. मात्र पुनर्बांधणीचे अंतिम अधिकार केंद्र सरकारने नेमलेल्या प्राधिकरणाकडे होते. प्राधिकरणाने २०१२ मध्ये शंभर दिवसांत स्वतःचा आराखडा बनवला. नदीकाठच्या उद्यानासारख्या काही कल्पना त्यात टिकल्या, पण क्रीडागार, अधिवेशन केंद्र अशा मोठ्या प्रकल्पांचे पारडे जड झाले. ज्यांनी सूचना लिहिल्या होत्या त्यांना आपले ऐकून मग बाजूला सारले असे वाटले. ही चूक केवळ नगररचनेतली नव्हती. ज्यांच्या हातून सगळे निसटले आहे अशा माणसांना पुन्हा एकदा निर्णयाबाहेर ठेवणे म्हणजे जखमेवरची खपली काढणे होय.

तशीच दुसरी जखम विम्याची. न्यूझीलंडमध्ये बहुतेक घरांचा भूकंपाचा विमा असतो. नुकसानीचा पहिला एक लाख डॉलरपर्यंतचा भाग सरकारी भूकंप आयोग देई आणि त्यापुढचा खासगी कंपनी. कागदावर व्यवस्था भक्कम होती. पण मोठे धक्के एकामागून एक आले, तेव्हा कोणती भेग कोणत्या धक्क्याची आणि तिचे पैसे कुणी द्यायचे यावर वाद सुरू झाले. पाहणी, फेरपाहणी, नवा अधिकारी, पुन्हा तीच प्रश्नावली. अनेक कुटुंबे तिरक्या घरात, ओल धरलेल्या भिंतींत वर्षानुवर्षे निकालाची वाट पाहत राहिली. तज्ज्ञ याला दुय्यम ताण म्हणतात, पण त्या कुटुंबांसाठी तो मुळीच दुय्यम नव्हता. जमीन शांत झाल्यावरही या झगड्याने झोप उडवली, संसारांत ताण आणला. म्हणून शहरातल्या आधारसेवांत समुपदेशकांइतकेच समन्वयकही होते. ते कुटुंबाबरोबर बसून अर्ज, दुरुस्ती, तात्पुरते घर यांचा गुंता सोडवत. २०१३ मध्ये विम्याबाबत स्वतंत्र सल्ला देणारी सेवाही सुरू झाली, आणि रखडलेले दावे निकाली काढण्यासाठी खास न्यायाधिकरण यायला मात्र २०१९ उजाडले.

या थकव्याच्या काळातच, फेब्रुवारी २०१३ मध्ये, ‘ऑल राइट?’ ही मोहीम शहरभर दिसू लागली. नावाचा अर्थ आपल्याकडच्या ‘बरं आहे ना?’ या चौकशीसारखा. ती जिल्हा आरोग्य मंडळ आणि मेंटल हेल्थ फाउंडेशन यांनी मिळून चालवली. सुरुवातीआधी लोकांचे गट बसवून, सर्वेक्षण करून त्यांच्या मनात काय चालले आहे ते विचारून घेतले होते. कितीतरी जण ‘आमच्यापेक्षा वाईट अवस्थेत दुसरे आहेत’ असे म्हणून स्वतःचा त्रास गिळत होते. तेव्हा फलकांवर उपदेश लिहिला नाही. काही दिवस सगळेच अंगावर आल्यासारखे वाटले तर ते साहजिक आहे, चीड आली तरी चालेल, आणि आनंद झाला तर त्याचीही लाज नको, अशा अर्थाची चार-पाच शब्दांची वाक्ये बसथांब्यांवर आणि भिंतींवर झळकली. रोगाचे नाव कुठेच नाही, डॉक्टरकडे जा असा हुकूमही नाही. जोडीला रोज करता येण्याजोग्या पाच गोष्टी सुचवल्या: माणसांना भेटा, हालचाल करा, आजूबाजूला लक्ष द्या, शिकत राहा, दुसऱ्याला काही द्या. ही पंचसूत्री ब्रिटनमधील न्यू इकॉनॉमिक्स फाउंडेशनने २००८ मध्ये मांडलेली. ज्यांना अधिक मदत हवी त्यांच्यासाठी मोफत समुपदेशनाची दूरध्वनी सेवा होतीच.

आघाताचे माप किती, याचे उत्तर एका योगायोगाने मिळाले. ख्राइस्टचर्चमध्ये १९७७ साली जन्मलेल्या १,२६५ बाळांचा अभ्यास तिथले संशोधक जन्मापासून करत आले होते. भूकंप झाला तेव्हा ही मंडळी तिशीत होती. काही शहरातच होती, काही दूर स्थायिक झालेली. ज्यांनी भूकंपाची सर्वाधिक झळ सोसली त्यांच्यात मानसिक विकारांचे प्रमाण दूर राहिलेल्यांच्या सुमारे १.४ पट आढळले. लहान मुलांचे चित्र अधिक काळजीचे होते. कँटरबरी विद्यापीठाच्या कॅथलीन लिबर्टी यांनी नुकत्याच शाळेत आलेल्या मुलांची पाहणी केली, तेव्हा आघाताची अनेक लक्षणे असलेल्या मुलांचे प्रमाण भूकंपापूर्वीच्या तुलनेत दुपटीच्या घरात गेलेले दिसले. यातली काही मुले भूकंपाच्या वेळी तान्ही होती. त्यांना धक्के आठवत नव्हते, पण घाबरलेल्या, थकलेल्या घरात ती वाढली होती. वर्गात दचकणारे, चटकन भडकणारे मूल खोडकरच असते असे नाही, हे शिक्षकांना कळण्याची गरज होती. २०१८ मध्ये ‘माना आके’ हा कार्यक्रम ख्राइस्टचर्च ज्यात येते त्या कँटरबरी प्रांताच्या प्राथमिक शाळांत आला आणि मुलांच्या मनःस्वास्थ्यासाठी प्रशिक्षित कार्यकर्ते थेट शाळेत बसू लागले. भूकंपानंतर सात वर्षांनी! इतका उशीर खटकतो. पण सात वर्षांनीही गरज उरली होती, हेच यातून दिसते.

आठवणींसाठीही शहराने जागा केली. दर २२ फेब्रुवारीला लोक एव्हन नदीच्या काठावर जमतात आणि १२ वाजून ५१ मिनिटांनी पाण्यात फुले सोडतात. दुरुस्तीच्या कामांमुळे रस्तोरस्ती उभे असलेले केशरी शंकू वैतागाचे चिन्ह झाले होते. त्या दिवशी त्यांच्या टोकांतही लोक फुले खोचतात. कलावंत पीटर मजेंडी यांनी २०१२ मध्ये पांढऱ्या रंगाच्या १८५ रिकाम्या खुर्च्या मांडल्या. स्वयंपाकघरातली, आरामखुर्ची, चाकांची खुर्ची, बाळाची खुर्ची, प्रत्येक वेगळी, कारण प्रत्येक माणूस वेगळा होता. नदीकाठचे राष्ट्रीय स्मारक २०१७ मध्ये खुले झाले.

मग या शहरावर आणखी एक आघात झाला. १५ मार्च २०१९ रोजी शहरातल्या दोन मशिदींत एका बंदूकधाऱ्याने शुक्रवारच्या नमाजासाठी आलेल्या ५१ जणांचे बळी घेतले. मृतांत भारतीयही होते. हा आघात निसर्गाचा नव्हता, म्हणून भूकंपाचा धडा जसाच्या तसा लागू पडणारा नव्हता. इथे भीती जमिनीची नव्हती, द्वेषाची होती, आणि घाव एका समाजावर नेमका घातलेला होता. तरीही आठ वर्षांत बांधलेले जाळे तयार होते: शाळांतले कार्यकर्ते, समुपदेशक, संस्थांची परस्परांशी असलेली ओळख. पुढे मृतांच्या कुटुंबांतील मुस्लिम स्त्रियांनी ‘सकिना’ हा न्यास स्थापला. दरवर्षी १५ मार्चपासून आठवडाभर हा न्यास ‘युनिटी वीक’ भरवतो आणि त्यासाठी सगळ्या शहराला बोलावतो.