सुरीने कॅन्सर पसरतो काय?



"गाठीला सुरी लावू नका, सुरी लागली की कॅन्सर अंगभर पसरतो." बारामती-इंदापूर भागात नोकरीनिमित्त फिरताना हे वाक्य मी निरेच्या कालव्याकाठी ऐकले आहे, तसेच उजनीच्या फुगवट्यावरच्या गावांतही ऐकले आहे. या समजुतीपायी बाईच्या छातीतली गाठ महिनोन् महिने पदराआड राहते. म्हणून आज ऊस-डाळिंब बाजूला ठेवून, ही गाठ पसरते तरी कशी, ते सांगतो.

आपले शरीर बारीक पेशींचे बनलेले आहे. निरोगी पेशी शेजारणीला चिकटून आपल्या जागी बसलेली असते. तिच्याखाली पातळ पण चिवट पडदा असतो. तो तिचा बांध म्हणा. कॅन्सरची पेशी बेसुमार वाढते, शेजाऱ्यांशी असलेले तिचे धागे सैल होतात आणि बांध फोडून ती बाहेर पडते.

यात एक नवलाची गोष्ट आहे. हाताला गाठ खड्यासारखी टणक लागते. पण तो टणकपणा मुख्यतः भोवती दाट झालेल्या तंतूंचा असतो. आतली पेशी मात्र निरोगी पेशीपेक्षा मऊ असते! अमेरिकेत लॉस एंजेलिस येथील शास्त्रज्ञांनी रोग्यांच्या छातीत साठलेल्या पाण्यातून पेशी काढल्या व अतिसूक्ष्म टोकाने एकेक दाबून पाहिली. पसरलेल्या कॅन्सरच्या पेशी ७० टक्क्यांहून अधिक मऊ भरल्या, असे त्यांनी २००७ साली प्रसिद्ध केले.

आता मऊपणाचा पेशीला उपयोग काय? कणगीच्या फटीतून उंदीर कसा शिरतो ते तुम्ही पाहिले आहे. डोके आत गेले की बाकीचा उंदीर गेलाच. पेशीच्या पोटातले केंद्र हे तिचे डोके समजा, कारण तोच तिचा कठीण भाग. तंतूंना धरून ती सरकत जाते, केंद्र दाबून फटीतून काढते आणि रक्तवाहिनीत किंवा लसिकावाहिनीत उतरते. काखेत किंवा मानेत गाठी येतात त्या यामुळेच.

मात्र रक्तात उतरलेली प्रत्येक पेशी रुजत नाही. बहुतेक वाटेतच मरतात. लंडनचे सर्जन स्टीफन पॅजेट यांनी १८८९ सालीच लिहून ठेवले की, कॅन्सरच्या पेशी म्हणजे बियाणे. ते सगळीकडे पडते, पण मानवेल त्याच जमिनीत उगवते. गाजरगवताची गोष्ट अशीच. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात दिसले आणि आज एकही पडीक वावर त्याला चुकलेले नाही. फुलावर येण्याआधी उपटा, असे आम्ही सांगत आलो, कारण बी सुटले की सारा शिवार उपटत बसावे लागते.

जाता जाता सांगतो, मुंबईत पेशी वाढवून कॅन्सरचा अभ्यास करणाऱ्या डॉ. कमल रणदिवे मूळच्या पुण्याच्या. पुण्याच्या शेतकी कॉलेजात १९४३ साली त्यांनी एम.एस्सी. केले ते सीताफळाच्या कुळातील झाडांच्या पेशींवर! आम्हा शेतकी पदवीधरांना याचा अभिमान वाटतो.

आता सुरीकडे येऊ. शस्त्रक्रियेत गाठ हाताळताना काही पेशी सुटत असतील काय, ही शंका डॉक्टरांनाही होती. त्यांनी ती झटकून टाकली नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचे डॉ. राजेंद्र बडवे व सहकाऱ्यांनी देशातील अकरा रुग्णालयांत, २०११ ते २०२२ या काळात, स्तनाच्या कॅन्सरच्या १६०० स्त्रियांवर प्रयोग केला. निम्म्या जणींना शस्त्रक्रियेपूर्वी सात ते दहा मिनिटे गाठीभोवती लिग्नोकेनचे इंजेक्शन दिले. दात काढताना देतात तेच हे भुलीचे औषध. पेशीच्या चालण्याला ते काही काळ खीळ घालत असावे, असा त्यामागील विचार. पाच वर्षांनी इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ९०.१ टक्के हयात होत्या, न घेतलेल्यांपैकी ८६.४ टक्के.

हे आकडे नीट वाचा. इंजेक्शनाशिवाय नुसती सुरी लागलेल्या शंभरातल्या छ्याऐंशी बाया पाच वर्षांनी जिवंत होत्या. मग सुरीने घात होतो, हे म्हणणे कोठे राहिले? उलट तशीच ठेवलेली गाठ पेशी सोडतच राहते. सुईने तुकडा काढून तपासण्याचेही भय बाळगू नका. त्यावाचून उपचार ठरतच नाहीत.

सगळ्या गाठी कॅन्सरच्या नसतात, पण ते डॉक्टरांनी ठरवावे. तोवर गाठ चोळू नका, डाग देऊ नका, लेपात दिवस घालवू नका. मिश्री लावणाऱ्या माताभगिनींनी व तंबाखूचा विडा धरणाऱ्या बंधूंनी तोंडातला न भरणारा चट्टा दोन आठवड्यांहून जास्त अंगावर काढू नये.

पहिल्या तपासणीला बारामतीचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. इंदापूरकरांना टेंभुर्णी-कुर्डुवाडीमार्गे बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलही गाठता येते. १९८७ पासून खेड्यांतील कॅन्सररोग्यांची नोंद तेथे ठेवली जाते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या शस्त्रक्रिया व औषधोपचार बसतात. निघताना रेशनकार्ड व आधारकार्ड पिशवीत टाकावे आणि योजनेच्या आरोग्यमित्राला भेटावे.