बाटलीतलं तुरीन

उत्तर इटलीतल्या तुरीनमध्ये संध्याकाळी सहाच्या सुमारास कॅफे भरू लागतात. रात्रीचं जेवण आठनंतर; त्याआधीचा हा वेळ भूक चाळवण्यासाठी राखलेला. ग्लासात काळपट तांबडं पेय, बर्फ, संत्र्याच्या सालीची चकती, शेजारी ऑलिव्ह आणि चीजची बशी. आपल्याकडे दारूबरोबर चखणा येतो. इथे पेयच जेवणाचा चखणा आहे. अशा जेवणाआधीच्या पेयांना अपेरितिफ म्हणतात आणि तुरीनचं अपेरितिफ म्हणजे व्हर्मूथ.

व्हर्मूथ म्हणजे मुळात वाइन. तिच्यात कडू-सुगंधी वनस्पतींचा अर्क, मसाले, साखर आणि थोडं स्पिरिट घातलेलं. अल्कोहोल साधारण १६ ते १८ टक्के, म्हणजे वाइनपेक्षा थोडं जास्त आणि व्हिस्कीच्या निम्म्याहून कमी. घरी कुणी द्राक्षासव चमच्याने पाजलं असेल, तर त्या माणसाला पहिला घोट फारसा परका वाटणार नाही. आधी गोड, मग मसाल्यांचा वास, आणि गिळून झाल्यावर जिभेच्या मुळाशी रेंगाळणारा कडूपणा. भूक चाळवते ती या शेवटच्या कडूपणामुळे, असं तुरीनकर मानतात.

शहराची अधिकृत कहाणी १७८६ पासून सुरू होते. पियात्सा कास्तेल्लो या राजवाड्याजवळच्या चौकातल्या एका दुकानात अंतोनिओ बेनेदेत्तो कारपानो नावाचा तरुण कामाला होता. त्याने मस्कत द्राक्षांच्या गोडसर वाइनमध्ये वनस्पती मुरवून पेय तयार केलं आणि ते हातोहात खपू लागलं. या प्रसंगाला पुढे जाहिरातवाल्यांनी बराच वर्ख लावला. कारपानोने व्हर्मूथचा ‘शोध’ लावला हे काही खरं नाही. वनौषधी घातलेली वाइन युरोपात फार जुनी, आणि चिंझानो बंधूंनी त्याच्या २९ वर्षं आधी, १७५७ मध्ये, याच शहरात आपलं दुकान थाटलं होतं. कारपानोचं श्रेय वेगळं आहे. औषधवाल्याच्या फडताळातली गोष्ट त्याने रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाच्या हातात दिली.

पण हे तुरीनमध्येच का घडलं, हा मला अधिक रंजक वाटणारा प्रश्न. शहर सव्हॉय घराण्याची राजधानी, म्हणजे दरबार आणि त्याचे चोचले आलेच. आग्नेयेला आस्ती-कानेल्लीच्या टेकड्यांवर मस्कतचे मळे. पश्चिमेला आल्प्स, तिथे आर्टेमिसिया वंशातल्या कडू वनस्पती. लवंग, दालचिनी, वेलची, जायफळ ही आपल्याकडची आणि पूर्वेकडच्या बेटांवरची मंडळी समुद्रमार्गे इटलीच्या बंदरांत उतरायची. सिंकोनाची साल पेरूहून. शिवाय तुरीनमध्ये मिठाईवाले आणि दारू गाळणारे एकाच व्यावसायिक संघात होते. चिंझानो बंधूंची नोंद याच संघात झाली होती. साखर, मसाला आणि मद्यार्क तिन्ही हाताळण्याची परवानगी आणि कसब एकाच कारागिराकडे. म्हणून मी व्हर्मूथला द्राक्षमळ्याचं पेय न म्हणता हलवायाचं पेय म्हणेन.

पुढची वाढ भराभर झाली. १८६१ मध्ये एकत्र झालेल्या इटलीची पहिली राजधानी तुरीन होती. चारच वर्षांत तो मान फ्लोरेन्सकडे गेला, पण व्हर्मूथ तुरीनचंच राहिलं. १८६३ मध्ये मार्टिनी, सोला आणि कंपनी उभी राहिली, जी नंतर मार्टिनी अँड रोसी झाली. यातला लुइजी रोसी हा वनस्पतींचा जाणकार. कारखान्यासाठी त्यांनी पेसिओने गाव निवडलं, कारण ते तुरीन-जेनोवा रेल्वेमार्गावर होतं. माल थेट बंदरात, तिथून अमेरिकेत. कारपानोच्या दुकानातली एक गोष्टही याच काळातली. १८७० मध्ये एक शेअर दलाल बाजार दीड अंकाने हलल्याची चर्चा करता करता, त्याच तंद्रीत ‘दीड अंक’ अशी ऑर्डर देऊन बसला. त्याला कडू अर्क घातलेलं व्हर्मूथ मिळालं आणि ‘पुंत ए मेस’ हा ब्रँड जन्मला. कंपनीनेच सांगितलेली गोष्ट आहे, तेव्हा जपूनच विश्वास ठेवावा. पण ब्रँड आजही विकला जातो.

विसाव्या शतकात यशानेच घात केला. व्हर्मूथ जगभर पोचलं, स्वस्त झालं आणि कॉकटेलमधला एक घटक म्हणून उरलं. बारच्या मागच्या फळीवर उघडी बाटली महिनोन्महिने आंबत पडायची आणि लोक म्हणायचे, व्हर्मूथ बेचव असतं. मार्टिनी १९९०च्या दशकात बकार्डीच्या पंखाखाली गेली, चिंझानो १९९९ मध्ये कांपारीकडे.

या पार्श्वभूमीवर आस्तीच्या कोक्की या लहान कंपनीने केलेली गोष्ट पाहण्यासारखी आहे. जुलिओ कोक्की हा फ्लोरेन्सहून आस्तीला आलेला तरुण मिठाईवाला (पुन्हा मिठाईवाला!). १८९१ मध्ये त्याने कंपनी काढली. १९७८ पासून ती बावा या वाइन बनवणाऱ्या कुटुंबाकडे आहे. २०११ मध्ये, कंपनीच्या १२०व्या वर्षी, त्यांनी जुन्या कृतीवरून ‘स्तोरिको व्हर्मूथ दी तोरिनो’ (तोरिनो म्हणजे तुरीन) बाजारात आणलं. कोको, संत्र्याची साल आणि रूबार्ब यांची आठवण देणारी चव, आणि लेबलवर जुन्या काळातल्यासारखी ऐटबाज अक्षरं.

वेळ अचूक साधली होती. न्यूयॉर्क-लंडनचे बारटेंडर तेव्हा शंभर वर्षांपूर्वीची कॉकटेलची पुस्तकं उघडून बसले होते. निग्रोनी, मॅनहॅटन, अमेरिकानो ही पेयं मूळ चवीची करायची तर व्हर्मूथही दमदार हवं. ती मागणी समोर उभी असताना कोक्कीची बाटली आली. इतिहास एकटा खपत नाही, त्याला गिऱ्हाईकही तयार लागतं, आणि हे बावांनी ओळखलं.

मग अर्थात सगळेच इतिहास विकू लागले. ‘तोरिनो’ हे नाव लेबलवर कुणीही छापू शकत असेल तर त्याला किंमत काय? उत्पादकांनी एकत्र येऊन नियम मागितले आणि २०१७ मध्ये इटलीच्या सरकारने ‘व्हर्मूथ दी तोरिनो’ची व्याख्या कायद्यात बसवली. पेय तुरीन ज्यात येतं त्या पिएमोंते प्रांतातच तयार व्हायला हवं. त्यातली आर्टेमिसिया पिएमोंतेतच पिकवलेली किंवा गोळा केलेली हवी. ‘सुपेरिओरे’ दर्जा हवा असेल तर किमान निम्मी वाइनही त्याच प्रांतातली. तुरीनच्या दक्षिणेला पान्कालिएरी नावाचं गाव पुदिन्यासाठी प्रसिद्ध आहे. अशा भागातल्या आर्टेमिसियाच्या शेतीला वरच्या कलमामुळे खात्रीचं गिऱ्हाईक मिळतं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. पुठ्ठ्यावर छापलेला सव्हॉय दरबार शेतकऱ्याला काही देत नाही.

बनवण्याची रीत तशी साधी, पण फसवी. वाळवलेल्या वनस्पती आणि मसाले पाणी-अल्कोहोलच्या मिश्रणात मुरत ठेवतात. प्रत्येक घटकाचा वेळ वेगळा. आर्टेमिसिया जास्त मुरली की बाकी सगळ्यांना गिळून टाकते. अर्क गाळून वाइनमध्ये मिसळतात, साखर आणि स्पिरिट घालतात, काही काळ स्थिरावू देतात, थंड करून पुन्हा गाळतात. गोड प्रकारात लिटरला १३० ग्रॅम किंवा त्याहून जास्त साखर असते. तेवढ्या गोडीशिवाय तो कडूपणा पेलवत नाही. आणि तांबडं व्हर्मूथ बहुतेक वेळा पांढऱ्या वाइनचं असतं. तो मोहक रंग जळक्या साखरेचा. इथेही हलवाईच.

आपल्यासाठी यात एक जवळचा धागा आहे. चैत्रात जोतिबाला वाहिला जातो तो दवणा आर्टेमिसिया वंशातलाच, तुरीनच्या कडू पानाचा सख्खा नसला तरी चुलत भाऊ. नाशिककडे वाइन आहे, कोकणात कोकम आणि जायफळ, सह्याद्रीत कडू वनस्पतींची ददात नाही. उद्या कुणी महाराष्ट्राचं अपेरितिफ काढायला निघालं तर त्याने गडाचं चित्र आणि मोडीतली अक्षरं छापण्याआधी दवणा कोण पिकवतो आणि त्याला काय भाव मिळतो ते पाहावं. तुरीनकरांनाही ही गोष्ट कायद्यात लिहायला दोनशेहून अधिक वर्षं लागली.

तोपर्यंत कधी तुरीनची बाटली हाती आली तर लेबलवरचं चित्र नव्हे, मजकूर वाचा: तिथे ‘व्हर्मूथ दी तोरिनो’ लिहिलंय का, आणि ‘सुपेरिओरे’ आहे का. उघडल्यावर ती कपाटात ठेवू नका. शेवटी ती वाइन आहे, फ्रीजमध्ये ठेवा आणि महिना-दीड महिन्यात संपवा.